फोन तोडणाऱ्या महाशयांस

महाशय,

टॉक रेडिओवर निवेदकाचं नाव गाजतं. तुमचं कुणालाच ठाऊक नसतं. तुम्ही काचेपलीकडे बसता, येणारे फोन उचलता, ‘नाव, गाव, विषय’ विचारता आणि कुणाचा आवाज लोकांपर्यंत जाईल ते ठरवता. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी २००८च्या रिपब्लिकन उमेदवारीच्या धामधुमीत मी न्यू हॅम्पशरमधून तुमच्या कार्यक्रमाला फोन करायचो. विषयात ‘इराक’ म्हटलं की तुम्ही थांबायला सांगायचात. ‘रॉन पॉल’ म्हटलं की लाइन कट. इतका कडक पहारा लोक बँकेच्या तिजोरीवर ठेवतात, आणि तुम्ही तो ठेवलात टेक्सासच्या एका वयस्कर डॉक्टर खासदाराच्या नावावर.

त्या माणसात घाबरण्यासारखं काय होतं, ते सांगतो. २००२ साली इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या प्रतिनिधीगृहातल्या सहा रिपब्लिकनांपैकी तो एक. मे २००७मध्ये साउथ कॅरोलायनातल्या वादचर्चेत त्याने स्पष्ट सांगितलं, की आपण वर्षानुवर्षं मध्यपूर्वेत बॉम्ब टाकत आलो, त्याचे परिणाम आपल्या दारात येतात. दुसरे उमेदवार रुडी जुलियानी चवताळले आणि त्यांनी ते विधान मागे घ्यायला सांगितलं. पॉलनी घेतलं नाही. ज्यांची मुलं तेव्हा बगदादमध्ये गस्त घालत होती, त्या आईबापांना या भांडणाचा पुढचा भाग ऐकायचा होता. तो तुमच्या कार्यक्रमात कधी वाजलाच नाही.

तुमचे निवेदक म्हणायचे, ‘तो निवडून येणार नाही, मग वेळ का दवडायचा?’ महाशय, निवडून कोण येणार हे ठरवण्यासाठीच मतदान घेतात. ३ जानेवारी २००८ला आयोवात पॉलना सुमारे दहा टक्के मतं मिळाली, जुलियानींना चार टक्क्यांहूनही कमी. तीनच दिवसांनी न्यू हॅम्पशरमध्ये फॉक्स न्यूजने उमेदवारांची चर्चा घेतली. जुलियानींना खुर्ची होती, पॉलना नव्हती. खुद्द राज्यातल्या रिपब्लिकन पक्षाला ते पटलं नाही आणि पक्षाने त्या कार्यक्रमातून अंग काढून घेतलं. पक्षाला जी लाज वाटली, तिचा मागमूस तुमच्याकडे दिसला नाही. आधी पंगतीला बसू द्यायचं नाही आणि मग याला भूकच नाही म्हणून गावभर सांगायचं, असा तुमचा न्याय.

पाठिंबाच नव्हता, हेही म्हणू नका. १६ डिसेंबर २००७ या एका दिवसात सामान्य माणसांनी इंटरनेटवरून त्याच्यासाठी साठ लाख डॉलरच्या आसपास रक्कम जमवली. एवढे लोक खिशात हात घालतात तेव्हा त्यांना ‘वेडे’ म्हणून फोन ठेवून देणं ही पत्रकारिता नाही. आणि तुमच्या वागण्याचा परिणाम काय झाला? सरळ माणसं खोटं बोलायला शिकली. तुम्हाला ‘करांबद्दल बोलायचंय’ सांगायचं आणि प्रसारणात गेल्यावर पॉलचं नाव घ्यायचं. मग तुमचे निवेदक त्यांनाच लबाड म्हणायचे. खऱ्याला दार बंद होतं, म्हणून खोट्याने शिरावं लागलं.

पॉलच्या नावाने निघणाऱ्या जुन्या वार्तापत्रांतला वर्णद्वेषी मजकूर जानेवारी २००८मध्ये एका मासिकाने उघड केला. तो वाचून मीही हादरलो. मलाही त्याच्याकडून उत्तर हवं होतं, आणि ‘मी लिहिलं नाही’ एवढ्याने माझं समाधान झालं नाही. पण जाब विचारायला आधी माणूस समोर बसवावा लागतो. तुम्ही त्याच्या समर्थकांना गप्प बसवलंत तेव्हा त्याला अडचणीत आणू शकणारे प्रश्नही गप्प झाले.

चार वर्षांनी, पुढच्या उमेदवारीच्या वेळी, तेच. ऑगस्ट २०११मध्ये आयोवातल्या एम्सच्या चाचणी मतदानात मिशेल बाखमनना ४,८२३ मतं मिळाली, पॉलना ४,६७१. फरक १५२ मतांचा. बातम्यांत बाखमन जिंकल्या, तिसरे आलेले टिम पॉलेंटी शर्यतीतून बाहेर पडले, रिक पेरी त्याच दिवशी शर्यतीत उतरले. दुसरा आलेला माणूस मात्र जवळजवळ गायब. इतका, की जॉन स्ट्युअर्टने दूरचित्रवाणीवरच्या आपल्या विनोदी कार्यक्रमात त्यावरून वाहिन्यांची हजेरी घेतली. नोव्हेंबरमध्ये सीबीएसच्या वादचर्चेच्या पहिल्या तासात पॉलच्या वाट्याला ८९ सेकंद आले, असं त्यांच्या प्रचारकांनी मोजून दाखवलं. मग जानेवारीत आयोवाच्या मतदारांनी त्यांना २१ टक्के मतं दिली आणि बाखमनना पाच. न्यू हॅम्पशरमध्ये ते दुसरे आले. तुमचा अंदाज चुकला हा माझा मुद्दा नाही. अंदाज करणं हे तुमचं काम नव्हतंच.

कायदा तुमच्या बाजूने आहे, मला माहीत आहे. वादग्रस्त विषयांच्या दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन १९८७मध्ये गेलं, आणि कुठला फोन घ्यायचा हा तुमचा अधिकार. पण ज्या लहरींवर तुमचं केंद्र चालतं त्या जनतेच्या आहेत. सार्वजनिक हितासाठी वापरू, या अटीवर सरकार तुम्हाला परवाना देतं. ज्या दिवशी तुम्ही मतदाराच्या तोंडून उमेदवाराचं नाव ऐकून फोन ठेवलात, त्या दिवशी ती अट तुम्ही मोडलीत, असं मी मानतो.

आणि अमेरिकेत मतदार झालेल्या माझ्या मराठी मित्रांनो, तुमचा उमेदवार कुणीही असो, फोन करा आणि खरा विषय सांगा. लाइन कापली तर तारीख, वेळ आणि कार्यक्रमाचं नाव लिहून ठेवा. रेडिओ केंद्राच्या परवान्याचं दर आठ वर्षांनी नूतनीकरण होतं, आणि त्या वेळी कोणाही श्रोत्याला संघीय संचार आयोगाकडे लेखी हरकत नोंदवता येते.