भुवया खाली घे

3 डिसेंबर, दिव्यांग दिन. जिल्ह्याच्या नाट्यगृहात नेहमीच्या छापाचा कार्यक्रम. दीपप्रज्वलन झालं, सूत्रसंचालकांनी माइकवर टिचकी मारली आणि समोरच्या कर्णबधिर प्रेक्षकांना प्रेमाने विचारलं, "मागे आवाज येतोय ना?" कडेला उभ्या शिकाऊ दुभाष्याने तेही इमानेइतबारे खुणांत सांगितलं. मागच्या रांगांनी 'नाही' म्हणून माना हलवल्या. साउंडवाला विनाकारण बोलणी खाऊन गेला.

शिकाऊला घेऊन आल्या होत्या त्या ताई या कामात मुरलेल्या. गडद, बिननक्षीचा कुर्ता. हातात अंगठी नाही, बांगडी नाही, कारण बघणाऱ्याची नजर बोटांवर राहायला हवी. शिकाऊ चिरंजीव जरीचं जाकीट घालून अवतरले होते. ते ताईंनी विंगेतच काढून घेतलं. भुवया मात्र काढून घेता येईनात.

सांकेतिक भाषेत चेहरा व्याकरणाचं काम करतो. हातांच्या खुणा त्याच ठेवून भुवया उंचावल्या, की साध्या विधानाचा प्रश्न होतो. ताईंनी हे घोकून घेतलं होतं. पण प्रमुख पाहुणे उभे राहिले आणि उत्साहाच्या भरात चिरंजीवांच्या भुवया ज्या वर गेल्या, त्या तिथेच मुक्कामाला राहिल्या. पाहुणे म्हणाले, निधी मंजूर झाला आहे. खुणांत आलं: निधी मंजूर झालाय? शाळेला शिक्षक मिळतील. मिळतील? इमारत मार्चअखेर उभी राहील. मार्चअखेर? राहील? ताई खालून स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवत होत्या. पठ्ठ्याने ती खूणही भाषणात घालून टाकली. तुमच्या व्यथा मी जाणतो. जाणतो? हे सरकार तुमचंच आहे. आमचंच? एवढा प्रामाणिक वक्ता त्या प्रेक्षकांनी आजवर पाहिला नव्हता. सगळ्या सभागृहाने दोन्ही हात वर करून पंजे हलवले, ही त्यांची टाळी. पाहुण्यांना वाटलं, सभा जिंकली. त्यांनी आणखी अर्धा तास घेतला.

आता या अर्ध्या तासाचं बघा. ऐकता ऐकता दुसऱ्या भाषेत सांगत राहायचं म्हणजे डोकं पिळून निघतं, म्हणून दुभाषे जोडीने येतात आणि साधारण वीस-वीस मिनिटांनी बदलतात. इथे ताईंना बोलावणं गेलं ते "एकट्याच या, बजेट नाही" असं. शिकाऊ आला तो फुकटात, म्हणून चालला. बजेट कुठे गेलं ते व्यासपीठावरच दिसत होतं: झेंडूचा आणि जरबेराचा ढीग, बरोबर दुभाष्याच्या छातीपर्यंत. निम्म्या खुणा फुलांनीच वाचल्या! 2011 च्या जनगणनेत ऐकू न येणाऱ्यांची संख्या 50 लाखांवर होती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेचा उल्लेखही आहे. तरी आयोजकांच्या लेखी दुभाषी ही समईशेजारी ठेवायची वस्तू. ज्यांच्या नावाने मांडव घातला, नेमकं त्यांनाच काही कळू नये याचा इतका चोख बंदोबस्त दुसऱ्या कुठल्या सरकारी कामात दिसत नाही, आणि तो करणारे पुन्हा संवेदनशीलतेवर अर्धा अर्धा तास बोलतात.

कार्यक्रमानंतर आयोजकांनी चिरंजीवांची पाठ थोपटली. "काय एक्स्प्रेशन्स! फोटोत फार छान आलाय." पुढच्या वर्षी यालाच पाठवा, ताई, तुम्ही दगदग करू नका, असंही सांगितलं.

ताईंनी मानधनाचं विचारलं. त्यांना शाल आणि नारळ देण्यात आला.