हँडल एकच, खोळंबा पुढे

कार्बनच्या महागड्या सायकलींवर हँडल आणि स्टेम आता एकाच तुकड्यात येतात, ब्रेकच्या नळ्याही त्यांच्या पोटातून जातात. वसई-विरारमध्ये अशी सायकल घ्यायला निघालेल्यांना माझं सरळ सांगणं आहे: घेऊ नका.

एकसंध हँडल नवं नाही. पाववाल्यांची, दूधवाल्यांची रॉडब्रेकवाली काळी सायकल बघा. तिचं हँडल आणि चिमट्यात उतरणारी दांडी एकजीवच असते. पण वरचा बोल्ट सैल केला की हँडल वर-खाली होतं. ब्रेकच्या सळया उघड्यावर असतात. नाक्यावरचा कारागीर पाना घेऊन बसला की काम झालं.

नव्या हँडलने नेमकं हेच हिरावलंय. नळ्या हेडसेटच्या वरच्या बेअरिंगमधून खाली उतरतात. नुसतं बेअरिंग बदलायचं, तरी बऱ्याच मॉडेलांत आधी ब्रेकच्या नळ्या सोडाव्या लागतात, मग नवं तेल भरून हवा काढावी लागते. आणि आपल्याकडे बेअरिंग टिकणार कसं? कळंब, राजोडी, अर्नाळ्याचा खारा वारा बारा महिने. वर पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून वाट काढायची. गंज इथे ठरलेलाच.

पाठ-खांदे दुखायला लागले तर 100 मिमीचा स्टेम काढून 80चा लावता येतो, पण हँडल वेगळं असेल तरच. एरवी हँडल-स्टेमचा अख्खा जोड नवा घ्या. पहाटेच्या अंधारात वज्रेश्वरीकडे निघणाऱ्यांना दिवा हवाच. या नव्या, बहुधा चपट्या हँडलवर त्याची साधी पकड बसत नाही.

फायदा खोटा नाही. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे शर्यत मारणाऱ्याला वाचलेली थोडी ताकदही मोलाची. पण त्याच्यामागे मेकॅनिकची गाडी असते. शिवाय 2 मार्च 2021 ला बेल्जियमच्या ल सामँ शर्यतीत व्यावसायिक सायकलपटू माथ्यू व्हान डर पूलच्या कॅन्यन सायकलचं असंच स्टेमसकट येणारं हँडल मोडलं. त्याने मोडक्या हँडलवरच शर्यत पूर्ण केली. त्या मॉडेलच्या बाकी मालकांना मात्र कंपनीने सायकल चालवू नका असं कळवलं.

आपल्या अंबाडी रोडवर किंवा वसई फाट्याला, गाड्यांच्या गर्दीत, चाळीसचा वेग किती वेळ टिकतो?

तरीही घ्यायचीच असेल, तर पैसे मोजण्याआधी दुकानदाराकडून तीन गोष्टी लिहून घ्या: तुमच्या मापाचा जोड कोणता, बेअरिंग बदलायची मजुरी किती, आणि ते काम वसईत कोण करणार.