आठ कुठे टाकायचा?

आनेकलमधल्या एका लेआउटात दोन घरांच्या मधली कंपाउंडची भिंत खांद्याइतकी उंच. अलीकडे बेळगावच्या काकू, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. पलीकडे जळगावकडची वहिनी, नवऱ्याच्या जिगणीतल्या नोकरीपायी इथे आलेली. कपडे वाळत घालून झाले की दोघींचे कोपर भिंतीवर टेकतात.

"अगं, जरा इकडं ये की. एक विचारायचंय, पण मनाला लावून घेऊ नकोस."

"काय झालं काकू?"

"कोपऱ्यावरची सांगत होती. तुझा मुलगा रात्री खिडकीत उभा राहून फोनवर म्हणत होता, 'आधी मी सगळ्यांना झोपवतो, मग तू जाऊन गळे काप.' बाई देवापुढं दिवा लावून बसली म्हणे."

"अय्यो! अहो, ते गॉब्लिनांचं चाललं होतं."

"गॉब्लिन कोण? मागच्या गल्लीतले नवे भाडेकरू?"

"नाही हो, गोष्टीतली भुतावळ ती. खेळ आहे, डन्जन्स अँड ड्रॅगन्स. टेबलाभोवती पाचसहा जण बसतात. एक जण गोष्ट रचतो, त्याला डीएम म्हणायचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र काय करतंय ते तोंडानं सांगायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. वीस बाजूंचा फासा."

"वीस बाजू? शकुनीकडंसुद्धा नसेल असला."

"आमच्याकडची डीएम मुलगी आहे, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. आणि येलो लाईन सुरू झाल्यापासून जयनगरची दोन पोरं बोम्मसंद्रापर्यंत मेट्रोनं येतात, पुढे बस धरतात."

"म्हणजे रविवारी दारात चपलांचा ढीग होता तो ह्यांचा! मी म्हटलं, हिनं सत्यनारायण घातला आणि मला आवतण नाही."

"तुम्हाला न सांगता घालीन का? सत्यनारायणाला निदान प्रसाद करून सुटका तरी होते. ह्यांना चुरमुरी, मद्दूर वडे, मग पुन्हा चहा."

"पण काय गं, पोरं नादी लागत नाहीत ना? मंत्रबिंत्र म्हणतात ते?"

"हीच बोंब अमेरिकेतही उठली होती. खेळ तिकडचाच, 1974 सालचा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी काढलेला. 1980 नंतर आईबाप घाबरले, पोरं सैतानाच्या मागे जाणार म्हणून. विरोधात संघटना काढल्या, टीव्हीवर चर्चा झाल्या. पोरं खेळतच राहिली आणि आता तीच पोरं आजोबा झालीत."

"मग कोपऱ्यावरचीला मीच सांगते. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, महाराष्ट्रात 2013 चा, आपल्या कर्नाटकात 2017 चा. पण तो भूत उतरवतो म्हणून माणसाला मारझोड करणाऱ्या भोंदूंसाठी. चुरमुरी खाणाऱ्या पोरांसाठी नव्हे. बरं, आत्ता ह्यांचं काय चाललंय?"

"नवी मोहीम सुरू होतेय. मागच्या वेळी ह्याचा लढवय्या होता, तो मेला. दोन वेळा जेवण गेलं नाही पोराला. आता म्हणतो, जादूगार करणार. आठवडाभर कागद आणि पेन्सिल घेऊन बसलाय. खोडतो काय, लिहितो काय. एवढं डोकं बारावीला घातलं असतं तर…"

"ते जाऊ दे. जादूगार कसला करतोय? प्रकार असतील की."

"तीन आहेत. एक विझर्ड, तो पुस्तकं वाचून, घोकून जादू शिकतो. दुसरा सॉर्सरर, त्याच्या रक्तातच असते. तिसरा वॉरलॉक, त्यानं कुठल्या तरी बड्या शक्तीशी करार केलेला असतो."

"म्हणजे एक परीक्षा देऊन लागलेला, एक वडिलांच्या जागेवर लागलेला आणि एक वशिल्यानं. आमच्या शाळेच्या स्टाफरूमसारखंच झालं हे."

"आमचा परीक्षावाला करतोय, विझर्ड."

"शाबास. मास्तरणीचा शेजार फुकट गेला नाही म्हणायचा. मग अडलंय कुठं?"

"आकड्यांत. प्रत्येक पात्राला सहा गुण: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप. आणि वाटायला सहा आकडे: पंधरा, चौदा, तेरा, बारा, दहा, आठ. कुठला आकडा कुठे, ते आपण ठरवायचं. वर तीन गुण वाढवून मिळतात, तेही हवे तिथे घालायचे."

"जादूगार म्हटल्यावर पंधरा बुद्धीत. ह्यात आठवडा कशाला पाहिजे?"

"पंधरा पहिल्याच दिवशी लिहून झाला. आठ कुठे टाकायचा, तिथे गाडी अडलीय. सगळे सांगतात, ताकदीत टाक, जादूगाराला कुठे पोती उचलायचीत! पण हा म्हणतो, मग माझा जादूगार आणि बाकी सगळ्यांचे जादूगार सारखेच झाले. किडमिडीत, दाढीवाले, हुशार."

"पोराचं बरोबर आहे की! काय येतं त्याची यादी कुणीही करेल. काय येत नाही, त्यावरून माणूस कळतो. पण मला एक सांग, बुद्धी आणि शहाणपण असे दोन वेगळे रकाने केलेत त्यांनी?"

"हो ना. मीही विचारलं. बुद्धी म्हणजे वाचलेलं, पाठ केलेलं, तर्क लढवलेला. शहाणपण म्हणजे समोरचा खोटं बोलतोय ते कळणं, चाहूल लागणं, आपलं कुठे चुकतंय ते उमगणं."

"वा! मग आठ तिथंच टाक म्हणावं. शहाणपणात. आणि पात्र तर तुझ्याच गावाकडं तयार आहे."

"आमच्याकडे कोण?"

"चांगदेव! जळगावची ना तू?"

"अगं बाई, खरंच की! आमचं मुक्ताईनगर, तिथून जवळच चांगदेव गाव. तापी आणि पूर्णेच्या संगमावर दगडी देऊळ आहे त्याचं. लहानपणी जत्रेला जायचो आम्ही."

"बघ आता. योगाच्या जोरावर चौदाशे वर्षं जगला असं सांगतात. वाघावर बसायचा, हातात सापाचा चाबूक. बुद्धी केवढी! पण ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यालाच अडला. पोर वयानं लहान, म्हणून चिरंजीव लिहावं, तर ज्ञानानं मोठं. तीर्थरूप लिहावं, तर वय आडवं येतं. शेवटी कोराच कागद पाठवला. त्यावर मुक्ताबाई म्हणाली म्हणतात, एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला."

"आणि ज्ञानेश्वरांनी उत्तरात पासष्ट ओव्या लिहिल्या. चांगदेव पासष्टी."

"हां. आणि पुढं चांगदेवानं गुरू कुणाला केलं? त्याच मुक्ताबाईला, पोरसवदा मुलीला. बुद्धी पंधरा, शहाणपण आठ, आणि शहाणपण शिकायला एका पोरीच्या पायाशी. ह्याला म्हणतात पात्र. पुढं कुठं जायचं ते त्याच्या उण्यातच लिहिलेलं आहे."

"थांबा, त्याला विचारून येते."

(वहिनी आत जाऊन आली. हातात चौकोनांनी भरलेला कागद.)

"काकू, उडीच मारली त्यानं. बुद्धी वाढीव धरून सतरा. दम चौदा. चपळाई तेरा, एक वाढवून चौदा. छाप बारा, मागे शिष्यांचा लवाजमा होता म्हणून. ताकद दहा. शहाणपण आठ. पण वाघ मिळत नाही म्हणतो."

"का?"

"पहिल्या लेव्हलला जो पाळीव प्राणी मंत्रानं बोलावता येतो, त्यात घुबड, कावळा, बेडूक असले मिळतात. वाघ नाही. मांजर आहे."

"मांजरावर बसून येणारा चांगदेव! आणि साप?"

"साप मिळतो, विषारीसुद्धा. पण प्राणी एका वेळी एकच. म्हणून चाबूक घेतलाय, वाघ पुढे बघू म्हणतो. तो मंत्र म्हणायला तासभर लागतो आणि दहा सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती जाळाव्या लागतात."

"दहा नाण्यांत आपल्याकडं अख्खा होम होईल. आणि जीव किती आहे ह्या चांगदेवाला?"

"आठ."

"पुन्हा आठ?"

"जादूगाराचे मुळात सहा हिट पॉइंट, चांगल्या दमामुळे दोन जास्त. तलवारीचा फासा आठ बाजूंचा असतो. म्हणजे एक नीट घाव बसला की चौदाशे वर्षं आडवी. पूर्वी तर ह्याहून वाईट होतं. 1978 च्या पुस्तकात जादूगाराला चार बाजूंचा फासा आणि सुरुवातीला दिवसाला एकच मंत्र."

"आणि आता?"

"वहीत सहा मंत्र लिहिलेले. त्यातले चार रोज तयार ठेवायचे आणि मधे विश्रांती न घेता सगळे मिळून दोनदाच वापरायचे. बारीकसारीक तीन मात्र कितीही वेळा. दुसऱ्याच्या वहीतला मंत्र उतरवून घ्यायचा तर मंत्राच्या दर पायरीला दोन तास आणि पन्नास नाणी. शाईच महाग असते म्हणे. आणि वही हरवली की संपलंच."

"कर्णाचं काय झालं? परशुरामाकडून ब्रह्मास्त्र शिकला, पण ऐन वेळी आठवणार नाही असा शाप. अश्वत्थाम्याला सोडता आलं, मागं घेता आलं नाही. आपल्या धर्मरायाच्या देवळात करग उत्सवाला लोक ज्यांच्यासाठी रात्रभर जागतात, ती सगळी ह्याच कथेतली माणसं. व्यासांना ठाऊक होतं, अस्त्राला अट नसेल तर गोष्ट पहिल्याच पानावर संपते."

"तुम्ही एकदम डीएमसारखं बोलता काकू. पूर्वीच्या नियमांत खरंच तसं होतं, मंत्र एकदा म्हटला की डोक्यातून पुसून जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ करायचा. जॅक व्हान्स नावाच्या लेखकाच्या 1950 च्या पुस्तकावरून घेतली ती कल्पना."

"मी श्रावणात नवनाथांची पोथी लावते ना, मालू धुंडीसुताची, चाळीस अध्यायांची. त्यात अस्त्रांचा नुसता पाऊस. मच्छिंद्रनाथ मारुतीलासुद्धा जागच्या जागी खिळवतो. पण तोच स्त्रीराज्यात जाऊन रमला आणि सोडवायला गोरखाला जावं लागलं. आणि आमच्या कन्नड 'शून्यसंपादने' ग्रंथात तो गोरख अल्लमप्रभूंना भेटतो. म्हणतो, माझ्यावर तलवार चालव. अंगावर तलवार आपटली की खणखणाट, कातडीला ओरखडासुद्धा नाही. मग त्यानं अल्लमांवर तलवार चालवली, तर हवेतून जावी तशी आरपार गेली. अंगच लागलं नाही."

"म्हणजे गोरखाचा आर्मर क्लास, घाव लागू न देण्याचा आकडा, फार मोठा…"

"आणि अल्लमांना त्याची गरजच नाही. हे लिहून घे म्हणावं, शेवटच्या लेव्हलला उपयोगी पडेल."

"त्याला तर आत्तापासून फायरबॉल हवाय. तिसऱ्या पायरीचा मंत्र, वीस फुटांच्या त्रिज्येत सगळं भाजून निघतं. सहा बाजूंचे आठ फासे टाकायचे. आणि साहित्य काय, सांगू? वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. शी!"

"शी काय? हुशार माणसं दिसतात! वटवाघळाच्या विष्ठेत नायट्रेट असतं, त्यातून सोरा निघतो. सोरा, गंधक आणि कोळसा. बंदुकीची दारू झाली की ती! आणखी कुठल्या मंत्राचं साहित्य ठाऊक आहे तुला?"

"वीज पाडायच्या मंत्राला केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची कांडी."

"अगं, हा तर सातवीचा प्रयोग! काच घासायची, स्थिर विद्युत तयार होते. पोरं कागदाचे कपटे उचलून दाखवायची वर्गात. त्या गायगॅक्सनं आमच्यासारख्यांसाठी खोड्या करून ठेवल्यात ह्यात."

"ह्याला हे ठाऊकच नसणार. तो नुसते फासे मोजतो."

"मग सांग त्याला. आणि मोहीम कुठं आहे? लंडनबिंडनला?"

"आपल्या मुत्याल मडुवूला! डीएमनं धबधब्यामागे गुहा केलीय आणि गुहेत ड्रॅगन."

"उन्हाळ्यात तिथं थेंब नसतो. ड्रॅगन काय पितो?"

"तीच तर गोष्ट आहे. पाणी कोणी पळवलं ते शोधायचं."

"बोअरवेलवाल्यांनी, आणखी कोणी! त्यासाठी ड्रॅगन कशाला? पण एक विचारते, भिंत चालवायचा मंत्र आहे का? ज्ञानेश्वर भिंतीवर बसून चांगदेवाला सामोरे गेले ते."

"विचारलं मी. निर्जीव वस्तू हलवायचा मंत्र पाचव्या पायरीचा, तो नवव्या लेव्हलला मिळतो. आणि डीएम म्हणाली, भिंत त्यातही बसणार नाही."

"बरोबर आहे तिचं. बसली असती तर चांगदेव वाघावरून उतरलाच नसता. काय गं, हे आकडे आपल्या लेआउटलाही लावता येतील की! आमचे असोसिएशनचे सेक्रेटरी घे. छाप पंधरा, शहाणपण आठ."

"आणि खजिनदार?"

"बुद्धी पंधरा. बाकी हिशेब मागू नकोस, तोही मागू देत नाही."

"आमचे हे?"

"दम पंधरा. चंदापुराच्या ट्रॅफिकमध्ये रोज बसतो आणि घरी येऊन हसतो. आठ चपळाईत. गॅसचा सिलिंडर संपून दोन दिवस झाले की उठतो."

"काकू! भिंतीला कान असतात."

"असू देत. तसा सगळ्यांचाच एक आठ असतो. फरक एवढाच, बहुतेकांना तो कुठं पडलाय ते ठाऊक नसतं आणि शेजाऱ्यांना ठाऊक असतं. तुझ्या पोरानं स्वतःच्या हातानं लिहिलाय, ते बरं केलं."

"मग तुम्हीच या की रविवारी. एक खुर्ची रिकामी आहे, डीएम माणूस शोधतेय."

"मी? ह्या वयात?"

"चांगदेवाला मुक्ताबाई नको का?"

"हुशार आहेस. बरं, आण तो कागद. शहाणपण पंधरा लिही, लाजायचं काय त्यात. बुद्धी चौदा. दम तेरा, टाकीवर चढून अजून झाकण बघून येते मी. चपळाई बारा, ताकद दहा."

"आणि आठ छापेत? राहिला तोच रकाना."

"तिथंच. आयुष्यभर शाळेतल्या पोरांशी गोड बोलले नाही, आता ड्रॅगनशी कुठं बोलू!"