पाटी आण म्हटले की पाट्टी येते

घरात साडेतीन वर्षांचे मूल असून ते अजून मोकळे हिंडत असेल, तर वेळ फार थोडा उरला आहे असे समजावे आणि त्याचे शिक्षण ताबडतोब हाती घ्यावे. बाजारात या विषयावरची पुस्तके पुष्कळ मिळतात, पण घरात एकच भाषा असते असे धरून ती लिहिलेली असतात. तंजावरच्या मराठी घरात त्यांचा उपयोग नवरात्रात गोलूची, म्हणजे बाहुल्यांच्या मांडणीची, पायरी डगमगली तर खाली टेकू द्यायला होतो. म्हणून हे स्वतंत्र मार्गदर्शन.

साहित्य: मूल एक, शक्यतो झोप झालेले. आजी एक. आजोबा एक, हे पद सध्या माझ्याकडे आहे. पुण्याहून लग्न होऊन आलेली सून एक, म्हणजे तक्ता वेगळा विकत घ्यावा लागत नाही. परातभर तांदूळ. तलैयाट्टी बोम्मै, म्हणजे मान डोलावणारी तंजावरची बाहुली, राजा आणि राणी मिळून दोन नग. एक फुटणार आहे. शेजारी तमिळ कुटुंब हवे, पण त्याची सोय करावी लागत नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे इथे आले, तेव्हापासून त्यांच्या शेजारी राहायला आम्हीच आलेलो आहोत.

आरंभ विजयादशमीला करावा. परातीत तांदूळ पसरून मुलाचे बोट धरावे आणि ‘श्री’ काढावा. शेजारी त्याच दिवशी, तशाच तांदळात, तमिळ ‘अ’ काढतात. इथल्या बऱ्याच शाळा त्याच मुहूर्तावर प्रवेशही देतात, त्यामुळे बोट जरा ओढूनच धरावे लागते. आमच्याकडे श्रीची वेलांटी पुरी व्हायच्या आत विद्यार्थ्याने मूठभर अक्षर उचलून तोंडात टाकले. कच्चे तांदूळ पोटात दुखतात, असे सूनबाई म्हणाली. आजी म्हणाली, विद्या आत गेली, आता काढू नका.

इथून पुढे भाषा. हा भाग रिकाम्या पोटी वाचू नये.

विद्यार्थ्याला प्रेमाने म्हणावे, “बाळा, पाटी आण.” तो तडक शेजारी जातो आणि तिथल्या आजीबाईंना पदर धरून ओढत आणतो. तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी. त्या बिचाऱ्या हातातले अर्धे चिरलेले वांगे तसेच घेऊन येतात आणि मुलाला काय झाले म्हणून घाबऱ्याघुबऱ्या विचारतात. अशा वेळी त्यांना बसवून कॉफी द्यावी. आमच्याकडे पाटीपूजन म्हणतात ते हेच.

माझ्या विहीणबाई पुण्याहून पहिल्यांदा आल्या, तेव्हा विद्यार्थी त्यांच्या मांडीवर बसून “पाल, पाल” म्हणू लागला. विहीणबाईंनी पाय वर घेतले. मी केरसुणी आणली. नेमकी ट्यूबलाइटमागे एक पाल होतीही, ती आमच्याकडे असतेच, त्यामुळे गैरसमज पक्का झाला. दहा मिनिटे आम्ही सगळे तिच्या मागे, आणि मूल दुधासाठी भोकाड पसरून बसलेले. पाल म्हणजे दूध. आपल्या पालीला तमिळमध्ये पल्ली म्हणतात, आणि पळ्ळी म्हणजे शाळा. ल आणि ळ यांतला फरक मराठी मुलाला आईच्या दुधाबरोबर मिळतो, म्हणून शाळेला पाल म्हणण्याचा प्रमाद आपल्या मुलांच्या हातून होत नाही. आमची तेवढीच बाजू वरचढ.

शाळेतून आल्यावर, आज बाई काय म्हणाल्या, असे विचारण्याची पद्धत आहे. आमचा म्हणाला, “तंबी.” पुण्याच्या आजीचा चेहरा उतरला. पहिल्याच आठवड्यात तंबी! बाईंनी त्याला फक्त धाकट्या भावासारखी हाक मारली होती, हे त्यांना पटवायला मला रात्रीचे जेवण होईपर्यंत बोलावे लागले. मूल फाटकाशी उभे राहून “नाय, नाय” म्हणत असेल, तर त्याला लगेच आत घ्यावे. रस्त्यावरचे लोक कुत्रा शोधू लागतात.

यावर कळस शाळेच्या पहिल्या दिवशी झाला. शाळेचे नाव सांगत नाही, कारण दोष कुणाचाच नव्हता. आमचा विद्यार्थी रीतसर रडत होता, आणि मराठी मूल रडताना जे म्हणते तेच म्हणत होता: “आई, आई.” तमिळ बाळबोलीत ‘आय्’ म्हणजे शी. आया मोठी तत्पर. तिने त्याला उचलून मोरीवर नेले. परत आणले. तो पुन्हा आईला हाक मारू लागला, तिने पुन्हा नेले. दुपारपर्यंत चार फेऱ्या झाल्या. घरी सोडताना ती सूनबाईला काळजीने म्हणाली, मुलाचे पोट ठीक नाही, दोन दिवस रसम-भातच द्या. त्या शाळेत तो सहा महिने नाजूक पोटाचा म्हणून ओळखला जात होता.

यावर सूनबाईने तक्ता केला. सकाळी सात ते सव्वासात मराठी, सव्वासात ते साडेसात तमिळ, पुढे इंग्रजी, मध्ये आठ मिनिटे ‘मुक्त खेळ’. आजीने तक्त्याला हळदीकुंकू वाहिले. तो तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी विद्यार्थी विहीणबाईंना म्हणाला, “आजी, दूध”, तसाच वळून खिडकीतून शेजारच्या पाट्टींना म्हणाला, “पाट्टी, पाल.” सगळी वेळ साडेसातची, म्हणजे तक्त्याप्रमाणे इंग्रजीची. आता तो गणवेशात असेपर्यंत ‘अम्मा’ म्हणतो, आणि बूट निघाले की ‘आई’. हे त्याला कुणी शिकवले, यावर घरात वाद आहे. प्रत्येकाचे म्हणणे, मी.

शाळा मात्र, घरी इंग्रजीच बोला, असे सांगते. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लहान मुलांना शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवा म्हणते. आमच्या घरची भाषा कोणती, हे धोरणाने येऊन ठरवावे. आमची मराठी ऐकून सूनबाईला पहिला महिनाभर वाटत होते, की हे लोक माझी थट्टा करताहेत.

अक्षरओळख थोडक्यात उरकावी. आपण घरी क, ख, ग, घ असे चार निरनिराळे पाहुणे ओळखायला शिकवतो. शाळेत चौघांना मिळून एकच खुर्ची. तमिळमध्ये या चारही उच्चारांना एकच अक्षर. मूल विचारते, बाकीचे तीन कुठे गेले? गावाला गेले, असे सांगावे. उलट, तमिळमध्ये एक असा वर्ण आहे जो आपल्याकडे नाहीच. ‘तमिळ’ या शब्दाच्या शेवटी तो बसलेला असतो आणि त्यासाठी जीभ आणखी मागे वळवावी लागते. त्याचा सराव केळ्यावर करावा, केळ्याच्या तमिळ नावात तो दोनदा येतो. आमचा विद्यार्थी उच्चार करण्याआधीच केळे खातो. शिवाय तमिळमध्ये एकूण अक्षरे २४७. हा आकडा आजीला सांगू नये. तिला वाटते, मूल वाळत चालले आहे ते यामुळेच.

आकड्यांचे काम आपोआप होते. आजी पहाटे दारात कोलमची रांगोळी घालते, तिचे ठिपके मोजत तो मागे मागे सरकतो: “ओण्णु, दोन, थ्री, नालु.” ठिपके बरोबर येतात. तेवढे पुरे.

मुलांसाठी मराठी पुस्तक हवे, पण ते तंजावरच्या दुकानात मिळत नाही. ही गंमत मी आल्यागेल्याला सांगतो, कारण मराठी बालवाङ्मयाची सुरुवातच मुळी आमच्या गावात झाली असे मानतात. दुसऱ्या सरफोजीराजांनी इथे देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ साली इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक ‘बालबोध मुक्तावली’ इथे छापले गेले. राजे स्वतः श्वार्त्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेले, म्हणजे घरात मराठी आणि गुरू परका, हा तिढा त्यांनाही चुकला नव्हता. त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटक लिहिले, त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल गाऊन सांगते. तक्ता नाही, सराव-वही नाही. सूनबाईला मी हे दोनदा ऐकवले. तिने शांतपणे विचारले, “बाबा, त्या राजाला सकाळी साडेआठची व्हॅन होती का?”

मोठ्या अक्षरांसाठी मुलाला मोठ्या देवळात न्यावे. बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांच्या वंशाचा मराठी इतिहास आहे, देवनागरीत, दगडावर. एवढा फळा कुठल्याही शाळेत नाही. मी विद्यार्थ्याला उचलून घेतले आणि ‘म’ शोध म्हटले. त्याने नंदीवरचे कबूतर शोधले.

आता बाहुली. बुडाशी गोल आणि जड असलेला राजा चटईवर ठेवावा आणि मुलाला टिचकी मारू द्यावी. राजा आडवा होतो, डुलतो, पुन्हा उभा. पुन्हा टिचकी. पहिल्या दिवशी आम्ही एकेचाळीसपर्यंत मोजले आणि थकलो. तो थकला नाही. मग त्याने राजाला झोपवून वर उशी ठेवली. उशी काढल्यावर राजा उभा. मग त्याने खाली वाकून, गाल जमिनीला लावून, राजाच्या बुडाकडे बराच वेळ पाहिले. त्याचे ओठ किंचित उघडे होते. मी ‘गुरुत्वमध्य’ हा शब्द सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात आजीने माझा हात दाबला. तिसऱ्या दिवशी राजा पायरीवरून पडून फुटला. तुकडे बाजूला करून विद्यार्थ्याने बुडातला मातीचा गोळा काढला आणि राणीच्या बुडाखाली आपला तळवा धरून म्हणाला, “इथे पण आहे.” राजाची इतकी कसून झडती याआधी १८५५ साली, राज्य खालसा करताना, कंपनीनेच घेतली असेल. सूनबाईने तो प्रसंग तक्त्यात ‘विज्ञान’ या रकान्यात लिहिला आणि वेळ टाकली साडेसात.

राहता राहिली पाटी. ती खरोखर हवी असेल तर ‘स्लेट’ म्हणावे. तो शब्द आमच्या घरात आणि शेजारीही सगळ्यांना कळतो.