जाळी दिसू द्या

सिनेमात खून झाला की लोक प्रेताकडे बघतात. मी खुनी ज्या गाडीतून पळाला तिच्या जाळीकडे बघतो. जाळी म्हणजे बॉनेटच्या तोंडाशी असते ती. बारीक चौकटींची असली तर अँबॅसेडर मार्क टू, म्हणजे १९६२ नंतरची. आडव्या पट्ट्या असल्या तर मार्क थ्री, १९७५ ची. मोठ्या चौकटी नि चौकोनी पार्किंग दिवे दिसले तर १९७९ ची मार्क फोर. खुनी कोण हे शेवटच्या रिळात कळतं, गाडीचं साल पहिल्या पाच मिनिटांत. असल्या माणसाला सिनेमाला कुणी सोबत नेत नाही, हे ओघानंच आलं. बायको म्हणते, "अहो, ती बिचारी रडतेय, तिच्याकडे तरी बघा." बघतो ना! ती ज्या मडगार्डला टेकून रडतेय, ते नीट बघतो.

हे खूळ मला खामगावात लागलं. कापसाचं नि चांदीचं गाव, त्यामुळं व्यापाऱ्यांच्या दारात अँबॅसेडर असायच्याच. तिची खरी परीक्षा मात्र राजूर घाटात. मलकापूरकडून बुलडाण्याला चढताना निम्म्या वाटेत बॉनेट उघडं, रेडिएटरमधून वाफ आणि मालक हातात पाण्याचा डबा घेऊन उभा, हा देखावा कितीदा तरी बघितलेला. बॉनेट उघडं असलं की जाळी नीट दिसत नाही, एवढीच माझी तक्रार असे.

माझे गुरू म्हणजे गॅरेजातले एक मिस्त्री. दरवाजा लावल्याचा आवाज ऐकून ते गाडी सांगत. व्हिडिओवर सिनेमा लागला की गावातली माणसं हिरोईन बघायला बसत, मिस्त्री पाना खिशात ठेवून गाड्या बघायला. एकदा पडद्यावर काळी-पिवळी टॅक्सी आली आणि कुणीतरी "पद्मिनी, पद्मिनी" म्हणालं. मिस्त्री खवळले. "थे पद्मिनी नोय भाऊ, डिलाईट हाये! पद्मिनी तवा पैदाच कुठं झाली होती?" बरोबरच होतं त्यांचं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० ची डिलाईट १९६४ ला निघाली, मग थोडे दिवस ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४ ला चितोडच्या राणीचं नाव घेऊन पद्मिनी. लोकांनी मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हटलं.

त्याच्याही आधीची, १९५० च्या दशकातली ११०० ओळखणं सगळ्यांत सोपं. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत, बिजागरी मागं आणि कडी पुढं. नटी उतरताना आधी पाय बाहेर काढते, मग पदर सोडवते, मग चेहरा दाखवते. दिग्दर्शकाला वाटतं आपण काय झकास प्रवेश घेतला! सगळं श्रेय बिजागरीचं.

खलनायकांच्या गाड्यांनी मात्र भल्याभल्यांना चकवलंय. डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट, प्लायमाउथ सॅव्हॉय ही तीन नावं ऐकून तीन गाड्या वाटतात. पण पहिल्या दोघी म्हणजे परदेशी पाठवायला नाव बदललेल्या प्लायमाउथच. कुर्ल्यात तिन्ही नावांच्या गाड्या जोडल्या जात. तस्करानं एका सिनेमात डॉज, दुसऱ्यात डिसोटो घेतली म्हणजे त्याची भरभराट झाली असं समजू नये.

मला सगळ्यांत लोभ मद्रासच्या हेराल्डचा. इंग्लंडात तिचं नाव ट्रायम्फ, आपल्याकडं स्टँडर्ड. रूप मिचेलोटी नावाच्या इटालियन माणसानं दिलेलं. मडगार्डांसकट आख्खं बॉनेट सुसरीच्या जबड्यासारखं पुढं उघडतं. इंग्रजाला तिचे दोन दरवाजे पुरले. आपल्याकडं मागच्या सीटवर आत्या, मावशी, दोन पोरं आणि शेगावहून आणलेली प्रसादाची पिशवी. पुढची सीट वाकवून आत्याला आत घालायचं म्हणजे घरात कायमचं भांडण. म्हणून चार दरवाज्यांची हेराल्ड निघाली ती फक्त भारतात. पडद्यावर हेराल्ड दिसली की मी आधी दरवाजे मोजतो. चार निघाले की गाडी आपली. मोटारधंद्यानं आत्याबाईंचा केलेला एवढा मोठा मान मी दुसरा बघितलेला नाही.

मिस्त्रींचा आवडता सिनेमा 'चलती का नाम गाडी', १९५८ चा. त्यातले तिघे भाऊ गॅरेजवाले आणि शिवाय खंडव्याचे. जळगाव जामोदच्या मागं सातपुडा, पलीकडं बऱ्हाणपूर, पुढं खंडवा, म्हणजे घरचीच माणसं. मधुबालेची बंद पडलेली गाडी दुरुस्त होत असताना सगळं घर गाण्यात बुडालेलं, आणि मिस्त्री हळहळत, "पाना नटावर बसतच नाही लेकाच्याचा!"

हल्ली जुन्या काळाचे सिनेमे पुन्हा निघू लागलेत, आणि त्यांनी माझा रक्तदाब वाढवलाय. गोष्ट १९६५ ची आणि रस्त्यावर पद्मिनी. १९७० च्या मंत्र्याला मार्क फोर. नंबरपाटीवर एमएच! अहो, एमएच आली १९८९ नंतर. आमची एमएच २८ सुद्धा तेव्हाचीच. नटाच्या मिशीवर महिनाभर खल करणारी ही मंडळी गाडी मात्र मिळेल ती उभी करतात. अर्थात त्यात अँबॅसेडरचाही दोष आहे. ऑक्सफर्डला जी मॉरिस १९५९ ला बंद पडली, तिचं हे भावंड उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत निघत राहिलं. इतकी वर्षं एकाच चेहऱ्यानं वावरल्यावर लोकांनी तिचं वय ओळखावं तरी कसं? जाळीवरूनच.

म्हणून एक विनंती. घरातले लग्नाचे जुने फोटो चाळताना नवरदेवाची गाडी दिसली तर फेकू नका. फोटोमागं साल लिहिलेलं नसलं तरी काढून देतो. फक्त त्या काळच्या माळीबुवांनी जाळीवर झेंडूची झालर सोडून ठेवलीय, तेवढी नसलेला एखादा फोटो शोधा. नवरा-नवरी त्यात अर्धे कापले गेले असले तरी चालेल.