नाव जुळत नाही

हिंजवडीत नोकरी बदलणारा माणूस नव्या कंपनीत तीन हप्त्यांत पोचतो. आधी धड पोचतं, मग लॅपटॉप, आणि सगळ्यात शेवटी नाव.

धडाचं काम त्यातल्या त्यात सोपं. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड, निरोपाचा केक, रिलीव्हिंग लेटर हे सगळं उरकून ते वाकडच्या ट्रॅफिकमधून वेळेच्या अर्धा तास आधी गेटवर हजर होतं. ज्याला घेण्यासाठी पाच फेऱ्यांच्या मुलाखती झाल्या, त्याला तिथला सिक्युरिटीवाला विचारतो, ‘‘कुणाला भेटायचंय?’’ मग व्हिजिटरचा पास. लॅपटॉप हवा असेल तर पोर्टलवर तिकीट टाकायचं, आणि पोर्टल उघडायला लॅपटॉप लागतो. तोवर न्यू जॉइनी वेलकम किटमधली वही आणि पाण्याची बाटली समोर मांडून, कामात असल्यासारखा बसतो.

चौथ्या दिवशी कॉफी मशीनपाशी त्याच्या तोंडून निघून जातं, ‘‘आमच्याकडे हे असं नसायचं.’’ आमच्याकडे म्हणजे जुन्या कंपनीत. ‘‘मग इकडे कशाला आलात?’’ हा प्रश्न पुण्यात मनात ठेवायची पद्धत नाही.

खरी गंमत नावाची. दहावीच्या बोर्डाने आडनाव आधी छापलेलं. आधारवर ते शेवटी गेलेलं. पॅनवर वडिलांचं नाव पूर्ण, बँकेत नुसतं आद्याक्षर, आणि इंग्रजीत ‘रामचंद्र’ लिहिताना कुणीतरी एक ‘ए’ जादा घातलेला. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंची फाइल तर उघडायलाच नको. त्यात २०२४ च्या १ मेपासून जन्मलेल्या महाराष्ट्रातल्या बाळांच्या नावात आईचंही नाव येतं. ही बाळं नोकऱ्या बदलायला लागतील तेव्हा फॉर्मवरचे चौकोन पुरायचे नाहीत.

भविष्य निर्वाह निधीचा यूएएन नंबर २०१४ साली आला तो याच कटकटीसाठी: नोकऱ्या कितीही, नंबर जन्मभर एकच. नंबर खरंच एकच राहतो. पण त्याच्याखाली जुनं खातं एकीकडे, नवं दुसरीकडे. जुनं नव्यात आणायचं तर आधी जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरायला हवी. ती नाही भरली तर आपली आपण भरता येते, मात्र शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटल्यावर. म्हणजे माणूस नव्या खुर्चीत बसून पगार घेतोय आणि सरकारदरबारी जुनी खुर्ची अजून सोडलेली नाही. हे सगळं सोडून द्यावं म्हटलं तर पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, आणि जुनी वर्षं त्यात धरली जायला हवी असतात.

ग्रॅच्युइटीचा हिशेब त्याहून सरळ आहे. १९७२ च्या कायद्याने कायम नोकरदाराला एकाच मालकाकडे पाच वर्षं मागितली. तिसऱ्या वर्षी पगारवाढीच्या मोहाने उडी मारणाऱ्याचं मीटर पुन्हा शून्यावर.

जुन्या पगाराचा तपशील नव्या अकाउंट्सला कळवायचं बहुतेक जण विसरतात. मग दोन्हीकडचे लोक त्याच प्रमाणित वजावटीचा आणि त्याच खालच्या टप्प्यांचा फायदा मोठ्या मनाने देतात, आणि रिटर्न भरायला बसलं की राहिलेला कर व्याजासकट समोर येतो. वाढलेल्या पगाराची पार्टी तोवर होऊन गेलेली असते.

एक खातं मात्र असं आहे की त्याला कसलीच अडचण येत नाही. आधारवर काहीही असो, ‘ए’ एक असो वा दोन, महाराष्ट्राचा व्यवसाय कर माणसाला पहिल्याच पगारात बरोबर ओळखतो. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००.

तेव्हा वाचकहो, राजीनाम्याचा मेल धाडण्याआधी एका रविवारी दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि पॅन शेजारी शेजारी मांडा, आणि स्वतःचं नाव एकदा मोठ्याने वाचून बघा. तिन्ही ठिकाणी एकच माणूस निघाला तर सोमवारी मेल टाका.