नाव नसलेल्या संपादकास

ॲडमिन,

तुझं नाव माहीत नाही, म्हणून तू स्वतःला जे म्हणवून घेतोस त्याच नावाने हाक मारते. मी आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयात कॉमर्सला बुक-कीपिंग शिकवते. आपल्या कॉलेजच्या नावापुढे ‘कन्फेशन्स’ जोडून तू इन्स्टाग्रामवर जे पेज चालवतोस, ते मी पहिल्या पोस्टपासून शेवटच्या पोस्टपर्यंत वाचलं. तुला खाजगीत निरोप धाडता आला असता. पण आमच्या मुलींबद्दल तू जे बोललास ते चारचौघांत बोललास, तेव्हा उत्तरही चारचौघांतच घे.

पेजच्या माथ्यावर तू लिहून ठेवलं आहेस, ‘फक्त गंमत म्हणून. मजकुराला ॲडमिन जबाबदार नाही.’ खाली गूगल फॉर्मची लिंक. कुणीही त्यात काहीही लिहावं, नाव कळणार नाही, ही तुझी हमी. आणि कुणी जाब विचारला की तुझं ठरलेलं उत्तर, ‘मी कुठे काय लिहितो? लोक पाठवतात, मी टाकतो.’

फॉर्म भरला की तो आपोआप पेजवर जात नाही. तो तुझ्या शीटमध्ये एका ओळीत येऊन पडतो, तारीख-वेळेसकट. ती ओळ तू वाचतोस. कॉपी करतोस, काळ्या चौकोनावर पांढऱ्या अक्षरांत डकवतोस, खाली हसून लोळणाऱ्या इमोजी लावतोस, मागे वाजायला गाणं शोधतोस आणि मगच शेअरचं बटण दाबतोस. यातल्या प्रत्येक पायरीवर तुला थांबता आलं असतं. वर्तमानपत्रात हे काम करणाऱ्याला संपादक म्हणतात. त्याचं नाव प्रत्येक अंकात छापलेलं असतं आणि खटला झाला तर कोर्टात त्याला उभं राहावं लागतं. तुला संपादकाचे सगळे अधिकार हवेत, फक्त नाव द्यायला नको. एवढंच तुझं शौर्य!

बारावीतला एकजण मला म्हणाला, ‘मॅडम, कोर्टानेच सांगितलंय, ॲडमिनवर केस होत नाही.’ हे ज्ञान बहुधा तूच वाटलं असशील, म्हणून पुरं सांगते. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गोंदियाकडचं एक प्रकरण आलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ग्रुपच्या ॲडमिनवर गुन्हा दाखल झाला होता. न्यायालयाने तो रद्द केला. कारण साधं होतं. तिथे सदस्य स्वतः लिहितो, तो काय लिहिणार हे ॲडमिनला आधी कळत नाही, आणि दोघांचा मिळून बेत असल्याचं काही दिसत नव्हतं. तुझ्या पेजवर मात्र तुझ्याशिवाय कुणाला एक अक्षर टाकता येत नाही. जो निकाल तू ढालीसारखा पुढे करतोस, तो तुझ्याबद्दल नाहीच.

आता तू निवडून काय टाकलंस ते पाहू.

ट्रॅडिशनल डेला बारावीच्या दोन मुलींनी काढलेले फोटो तू शेजारी शेजारी लावलेस आणि खाली पोल ठेवलास, ‘कोण भारी?’ मतं पडली. या दोघी आठवीपासून एका डब्यात जेवणाऱ्या. आता एक पहिल्या बाकावर बसते, दुसरी दाराशी, आणि मधल्या सुट्टीत दाराशी बसणारी डबा उघडतच नाही.

दुसरी पोस्ट: ‘अकरावी सायन्स, जांभळी सॅक, पाच वाजता डेपोजवळच्या स्टॉपवर एकटीच असते, कुणीतरी ओळख करून द्या.’ नाव लिहिलं नाही म्हणून तुला वाटलं असेल की आपण सभ्य. अरे, तुझं पेज सगळ्या जगाला उघडं आहे. तिथे कॉलेजातली पोरंच येतात असं तुला कुणी सांगितलं? एका अल्पवयीन मुलीची जागा, वेळ, ओळखायची खूण आणि ती एकटी असते ही बातमी, एवढं सगळं तू दोन ओळींत गावभर वाटलंस. तिचे वडील रिक्षा चालवतात. हल्ली पाचच्या सुमाराला ते भाडं सोडून फाटकाशी येऊन थांबतात. त्यांचं ते बुडालेलं भाडं तुझ्या गमतीच्या खाती मांड.

तिसऱ्या पोस्टमध्ये आमच्या एका सहकारी मॅडमचा फोटो. त्या तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा घेतील याची खात्री नाही. त्या फळ्यावर लिहीत असताना पाठीमागून काढलेला फोटो. खाली जे लिहिलं होतं ते मी इथे उतरवणार नाही. फोटोच्या डाव्या कडेला खिडकीचे दोन गज दिसतात, त्यावरून तो कोणत्या बाकावरून काढला हे वर्गातल्या प्रत्येकाला कळलं. कुणी बोललं नाही. त्या आता फळ्याशी तिरक्या उभ्या राहून लिहितात, एक डोळा वर्गावर ठेवून, आणि मोठी गणितं तोंडी सांगतात. ताळेबंद तोंडी सांगून शिकता येत नाही. ज्यांचं नुकसान झालं ती तुझीच मित्रमंडळी आहेत.

आणि मग गॅदरिंगनंतरचा तो फोटो. सतरा वर्षांच्या मुलीचा चेहरा एआय ॲपने दुसऱ्याच उघड्या शरीरावर बसवलेला. तो तू पुसट करून टाकलास आणि वर लिहिलंस, ‘पूर्ण हवा असेल तर डीएम करा.’ इथे गंमत संपली, ॲडमिन. फोटो खोटा आहे, ही पळवाट 2019 मध्येच बंद झाली. त्या वर्षी पॉक्सो कायद्यात दुरुस्ती झाली आणि मूल दाखवणारं बनवलेलं, बदललेलं, संगणकावर घडवलेलं चित्रही बाल अश्लील साहित्याच्या व्याख्येत आलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67ब अशी चित्रं प्रसारित करण्याला पहिल्याच गुन्ह्यात 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाख रुपयांपर्यंत दंड सांगतं. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं साहित्य नुसतं बाळगण्याबद्दलही कडक निकाल दिला. म्हणजे ज्यांनी तुला डीएम केला तेही यात आले. त्यांना तू बरोबर ओढलंस, हे त्यांना सांगितलंस का?

आमच्यावरही कायदा आहे. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने दडपलं तर त्याला शिक्षा होते. त्यामुळे ‘कॉलेजचं नाव खराब होईल’ हे वाक्य स्टाफरूममध्ये कुणी उच्चारलं तेव्हा मी ते तिथेच थांबवलं. नाव तू खराब केलंस. झाकल्याने ते नीट होत नाही. तक्रार गेली आहे.

आपण सापडणार नाही, असं तुला वाटतं. मुलींचे फोटो फिरवणाऱ्या दिल्लीतल्या ‘बॉइज लॉकर रूम’ या इन्स्टाग्राम ग्रुपवाल्यांनाही मे 2020 मध्ये असंच वाटत होतं. पोलिसांनी ॲडमिनला धरलं तेव्हा तो बारावीची परीक्षा दिलेला मुलगा निघाला. जानेवारी 2022 मध्ये ‘बुल्ली बाई’ या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचा लिलाव मांडणाऱ्यांनी तर दुसऱ्यांची वाटावी अशी खोटी नावं घेतली होती. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने काही दिवसांत बंगळूरहून एकवीस वर्षांचा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी आणला, उत्तराखंडातून अठरा वर्षांची मुलगी. खातं उघडताना दिलेला नंबर, लॉग-इनचे आयपी पत्ते, फॉर्म ज्या गूगल खात्यात बसला आहे ते खातं, हे सगळं कुठे ना कुठे नोंदलेलं असतं. पेज उडवलंस तरी 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे कंपनीला ही माहिती 180 दिवस ठेवावी लागते. तुझा बुरखा फक्त आमच्यापुरता आहे.

एक मात्र तुझ्या बाजूने मान्य करते. तुझ्या पेजवर तक्रारीही होत्या. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, प्रयोगवहीवर सही देताना एक सर ताटकळत ठेवतात, फीची पावती मिळत नाही. या खऱ्या आहेत आणि मुलांना त्या निनावी मांडाव्याशा वाटल्या यात आम्हा शिक्षकांचाच कमीपणा आहे. माझ्या शिकवण्यावर टीका कर, नावानिशी कर, माझी ना नाही. त्या हक्कासाठी या देशात माणसं भांडली आहेत. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यातल्या एकीने तर ती नुसती लाइक केली होती. ते पाहून विशीतल्या श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने अशा अटकांना आधार देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्दच केलं. ते स्वातंत्र्य बोलण्यासाठी मिळालं. कडी नसल्याची तक्रार त्यात येते, मॅडमचा पाठीमागून फोटो येत नाही. हा फरक तुला कळत नाही असं मी मानत नाही. तुला तो चांगला कळतो, म्हणूनच कडीची पोस्ट तू साधी टाकलीस आणि फोटोवर गाणं लावलंस.

हे पत्र इतरही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं. मुलींनो, असं काही दिसलं तर आधी प्रोफाइलची आणि पोस्टची लिंक, तारीख, वेळ लिहून ठेवा, कारण पेजचं नाव रातोरात बदलतं. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं. अठराच्या आतल्यांसाठी ‘टेक इट डाउन’ आणि मोठ्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ अशा दोन मोफत सोयी आहेत. तुमचा फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त आकड्या-अक्षरांचा ठसा निघतो आणि तो ठसा जुळला की सहभागी कंपन्या तो फोटो अडवतात. इन्स्टाग्राम त्यात आहे. आणि शिक्षकांनो, ‘बघा काय चाललंय’ म्हणून तो फोटो स्टाफच्या ग्रुपवर पाठवू नका. संतापाने पाठवला तरी तो पसरवणंच झालं. फोनवर आहे तसा पोलिसांना दाखवा. आपल्याकडच्याही दोन गोष्टी सुधारल्या पाहिजेत: निकालाच्या बॅनरवर मुलींचे फोटो पूर्ण नावासकट फेसबुकवर टाकणं, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांपुढे उघडे ठेवणं.

आता शेवटची पोस्ट, जिच्यामुळे मी लिहायला बसले. परीक्षेच्या सुमाराची आहे. कुणीतरी तुझ्या फॉर्ममध्ये लिहिलं होतं की दोन विषय राहणार, घरी तोंड दाखवता येणार नाही, आता जगावंसं वाटत नाही. बाकी कुणाशीच बोलता न येणारं एक मूल तुझ्या फॉर्मपाशी आलं. त्या ओळी वाचणारा पहिला माणूस तू होतास. आईबाप नव्हे, वर्गशिक्षक नव्हे, तू. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. तो तुला त्या पोस्टखाली लिहिता आला असता. एखाद्या शिक्षकाच्या टेबलावर निनावी चिठ्ठी टाकता आली असती. तू त्यावरही हसून लोळणारी इमोजी लावलीस, आणि खाली कमेंट आल्या, ‘लवकर कर भावा.’

ते मूल कोण आहे हे आम्हाला अजून कळलेलं नाही. वर्गावर्गांतून आम्ही बोलतो आहोत, नापास होण्याची भीती वाटणाऱ्या प्रत्येकाला जवळ बसवतो आहोत. पण ती ओळ तुझ्या शीटमध्ये आहे, वेळेसकट. कदाचित त्या मुलाने आधीही काही लिहिलं असेल, नंतरही, आणि तू ते टाकलं नसशील.

म्हणून पेज उडवून पळू नकोस, ती शीटही पुसू नकोस. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या कॉलेजच्या सखी सावित्री समितीत मी आहे, उपप्राचार्य मॅडम आहेत. शीट घेऊन ये. अठराच्या आत असशील तर पुढचं बाल न्याय मंडळापुढे चालेल, आणि तू आपणहून आलास हे मी तिथे सांगेन. गुन्हा माफ होईल असं आश्वासन मी देत नाही, तो माझा अधिकार नाही. वडिलांनाच आणलं पाहिजे असंही नाही. आई, मामा, आजी, घरात ज्यांच्याशी तुला खरं बोलता येतं त्यांना घेऊन ये. उद्या पहिला तास सुरू होण्याआधी ये, त्या मुलाला शोधायचं आहे.

— तुझ्या कॉलेजातली बुक-कीपिंगची शिक्षिका